अकरा नावं

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडून उभी असताना मनातल्या मनातसुद्धा नाही — ही गोष्ट मी आजवर कुठेच उच्चारलेली नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर सांगितली नसती. इतकी मी स्वतःला ओळखते.

लोक मला चांगली बाई समजतात. जळगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, प्रबंध, दशक्रियेची पत्रं. दोन मुली कामाला आहेत, ताई आम्हाला घरच्यासारखं वागवतात असं त्या सगळीकडे सांगत असतात. प्रूफ वाचताना सुनंदाताईंच्या नजरेतून काही सुटत नाही, अशीही एक ख्याती आहे. ती ख्याती खोटी आहे हे मला माहीत आहे. आणि तरी कोणी बोलत असलं तर मी थांबून पुरतं ऐकून घेते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्हाला माझी दया बिया यायला नको.

तर — दुकान माझं नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी भाऊंच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. भाऊ म्हणजे मालक. खाली छपाईची मशीनं, वर माडीवर आम्ही दोघी टायपिंगला. मी आणि शकिला.

शकिला एरंडोलची. वडील पिंजारी, गाद्या-उशा भरून द्यायचे. रोज सकाळच्या एसटीने यायची, माझ्या आधी जागेवर बसलेली असायची. मराठी शाळेत शिकलेली, आणि मराठी अशी पक्की की कॉलेजचे प्राध्यापक प्रबंध घेऊन आले की विचारायचे, "त्या बाई आहेत का? त्यांच्याकडेच द्या." मी समोर बसलेली असायचे. मलाच विचारायचे ते, त्या बाई आहेत का म्हणून. मी हसून म्हणायचे, "आहेत ना, बसा."

हेवा होता का? होता. पण त्याच्यामागे लपायचं नाही मला. हेवा सगळ्यांनाच वाटतो.

आता थोडं कामाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते एका प्रकारचं. आमच्या प्रेसमधले जुने फॉन्ट वेगळ्या प्रकारचे. जुन्या फॉन्टमध्ये मशीनला 'क' की 'ख' काही कळत नाही, तिच्या लेखी त्या नुसत्या खुणा. कोणत्या खुणेवर कोणतं अक्षर उमटायचं ते फॉन्ट ठरवतो. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये ज्या खुणेवर 'म' आहे, तिथे दुसऱ्या कंपनीने भलतंच काही ठेवलेलं. म्हणून दोन घरचे फॉन्ट एका पानात मिसळायचे नाहीत, हा आमच्याकडचा पहिला धडा. मोबाइलमधून आलेला मजकूर बदलून द्यायला कन्व्हर्टर मिळतो, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, बघून हाताने टाइप करायचं, हा दुसरा. आणि फाईल बाहेरगावी पाठवायची तर आधी कर्व्ह करायची — म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकायची. मग समोरच्याकडे तो फॉन्ट असो वा नसो, जे आहे तेच छापून येतं.

शकिला हे तिन्ही नियम पाळायची. मी पाळायचे — कोणी बघत असलं तर.

धुळ्याच्या एका शाळेला पन्नास वर्षं झाली होती. त्यांची स्मरणिका आमच्याकडे आली. पानं आम्ही लावून द्यायची आणि छपाई धुळ्यातच त्यांच्या ओळखीच्या प्रेसमध्ये व्हायची. त्यात एक पान श्रद्धांजलीचं होतं. शाळेतले गेलेले शिक्षक, शिपाई, आणि शिकत असतानाच गेलेली मुलं. त्या पानाची चाळीसेक नावं शकिलाने टाइप केली. नावांचं प्रूफ आमच्यात दोघींनी मिळून वाचायची पद्धत होती — एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने कागदावर बोट फिरवायचं. तिने वाचलं, मी बोट फिरवलं. एक चूक निघाली नाही.

शनिवारी फाईल जायची होती. दुपारी अडीच वाजता शाळेकडून मोबाइलवर आणखी अकरा नावं आली. शकिलाच्या बहिणीची त्या दिवशी मंगनी होती, तिला तीनची एसटी गाठायची होती. तरी तिने पर्स खाली ठेवली. म्हणाली, "ताई, अकराच आहेत, टाकून जाते. गाडी दुसरी मिळेल."

मी म्हटलं, "जा गं. बहिणीची मंगनी रोज असते का? मी करते."

"हाताने टाइप करा हं ताई," ती जिन्यातून म्हणाली. "गेलेल्या माणसांची नावं शेत." घाईत तिच्या तोंडी अहिराणी यायची, शेत म्हणजे आहेत.

हो म्हटलं मी. हो म्हणायला काय जातं?

आमच्या आळीतल्या बायकांची त्या दिवशी असोद्याच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. टेम्पो चारला निघणार होता. अकरा नावं हाताने टाइप करायला दहा मिनिटं लागतात, फार तर पंधरा. पण मला त्याआधी घरी जाऊन साडी बदलायची होती. समजतंय ना तुम्हाला? कोणी आजारी नव्हतं, कोणी अडलेलं नव्हतं. साडी बदलायची होती.

मी अकरा नावं उचलली, कन्व्हर्टरमध्ये टाकली. तो कन्व्हर्टर आमच्या फॉन्टचा नव्हताच, दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टचा होता. पत्रिकांवरच्या नक्षीदार अक्षरांसाठी तो दुसरा फॉन्ट मी कधीतरी माझ्या मशीनवर भरून घेतला होता. फक्त माझ्याच. शकिलाची फाईल उघडली, तिच्या नावांखाली माझी अकरा चिकटवली. माझ्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. कर्व्ह करणार होते, पण शाळेचा निरोप होता की अजून एखादं नाव येईल, आणि कर्व्ह केल्यावर नाव घालता येत नाही. म्हटलं, राहू दे, ते घालतील तिकडच्या तिकडे. फाईल तशीच उघडी मेलने पाठवून दिली. फाईलच्या नावात शेवटी टाइप करणाऱ्याची खूण असायची. शकिलाची खूण तशीच राहिली. ती मी मुद्दाम ठेवली नव्हती, खरंच. पण पुढे कामाला आली.

भरीत छान झालं होतं. तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. मी दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या रविवारी धुळ्यात समारंभ झाला. भाऊ गेले होते. संध्याकाळी त्यांनी त्या पानाचा फोटो पाठवला. वरची चाळीस नावं स्वच्छ. आणि खालची अकरा — कसं सांगू? काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे, मध्येच टक्क्याची खूण, अर्धा ष, पुन्हा स्वल्पविराम. धुळ्याच्या मशीनवर तो दुसरा फॉन्ट नव्हता, तिने हाताला लागेल तो लावला आणि छापून मोकळी झाली.

समारंभाला एक म्हातारी आई आली होती म्हणे, शिरपूरकडच्या खेड्यातून. तिचा मुलगा दहावीत असताना गेला होता. तिला वाचता येत नव्हतं. पुस्तक हातात घेऊन ती एकेकाला विचारत फिरली — "मन्हा पोऱ्यानं नाव कोठे शे?" लोक पान बघायचे आणि पुस्तक परत तिच्या हातात द्यायचे. हे भाऊंनी स्वतः पाहिलं आणि रात्री फोनवर मला सांगितलं, मुलाच्या नावासकट.

सोमवारी भाऊंनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. आजवर माझ्या मनात मी एवढंच कबूल करत आले की तेव्हा मी गप्प राहिले. गप्प राहणं — किती सोज्वळ वाटतं, नाही? माणूस घाबरतं, तोंडून शब्द फुटत नाही. पण मी गप्प नव्हते. मी बोलले.

शकिला म्हणाली, "भाऊ, हाई मन्हं काम नही. मी तीनला गेले. नावं ताई टाकणार होत्या. ताईले इचारा." रागावली कीही ती अहिराणीत जायची. पण ती रागावलेली नव्हती. तिला वाटत होतं, आता ताई सांगतील आणि विषय मिटेल. माझ्याकडे बघताना तिच्या तोंडावर भरवसा होता. दुसरं काही नव्हतं. ते तोंड मला अजून दिसतं. दिसावंच.

मी म्हटलं, "मी कुठं म्हणाले टाकते म्हणून? तू टाकूनच गेलीस ना? मी फक्त मेल केला."

भाऊ जुने माणूस, धंद्यात मुरलेले. त्यांनी प्रेसमधला साधा न्याय लावला — फाईल ज्या मशीनवर नीट दिसते, त्या मशीनवर ती बनली. आधी शकिलाच्या मशीनवर उघडली. अकरा नावं खराब. मग माझ्या मशीनवर. तिथेही खराब. "बघा भाऊ," मी म्हटलं, "माझ्याकडेही तसंच दिसतंय." भाऊंनी फाईलच्या नावातली शकिलाची खूण बघितली आणि खुर्चीत बसले. म्हणजे हिनेच घाईत न बघता चिकटवलं, असं सरळ झालं.

आता तुम्ही विचाराल, माझ्या मशीनवर तर दुसरा फॉन्ट होता. तिथे नावं नीट दिसायला हवी होती. मग खराब कशी दिसली?

इथे येऊन मी दर वेळी थांबते. मनातसुद्धा.

प्रेसची एक किल्ली माझ्याकडेही असायची. सोमवारी मी नेहमीपेक्षा तासभर आधी आले. दार उघडलं, झाडलं, गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावली. मग फाईल उघडली. अकराच्या अकरा नावं नीट, सुंदर. त्या म्हातारीच्या मुलाचंही होतं, शेवटून तिसरं. मी ते वाचलं. मग फाईल बंद केली, फॉन्टच्या फोल्डरमध्ये गेले आणि तो दुसरा फॉन्ट माझ्या मशीनवरून उडवला. कचऱ्याच्या डब्यातूनही उडवला. पुन्हा फाईल उघडली. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. जीव भांड्यात पडला माझा. हो, भांड्यातच पडला, खोटं कशाला सांगू? मंगनीसाठी घेतलेली आठवडाभराची रजा संपवून शकिला माडीवर आली तेव्हा मी तिला विचारलं, "मंगनी कशी झाली गं?" आणि तिने पर्समधून माझ्यासाठी आणलेली मिठाई काढली. मी खाल्ली.

हे झालं ते. गप्प बसणं नव्हे. हे.

आणि अजून एक आहे. फॉन्ट नसला की फाईल उघडताना पडद्यावर एक पाटी येते, अमुक फॉन्ट सापडत नाही म्हणून. शकिलाच्या मशीनवर ती पाटी आधीपासून बंद करून ठेवलेली होती, माझ्या मशीनवर मात्र आली. भाऊ चष्मा पुसत होते, तेवढ्यात मी बटण दाबून ती घालवली. शकिलाने ती पाहिली. म्हणाली, "ताई, आता काहीतरी पाटी आली ना? कुठल्या फॉन्टची?"

"कसली पाटी?" मी म्हटलं. "तुला भास होतायत."

त्याच वेळी धुळ्याहून शाळेच्या अध्यक्षांचा फोन आला. भाऊंनी स्पीकरवर घेतला. कोणी टाइप केलं होतं, अध्यक्षांनी विचारलं. भाऊंनी नाव सांगितलं. मग आवाज आला — श्रद्धांजलीच्या पानाला त्यांच्यातली बाई कशाला बसवली हो तुम्ही? मुद्दाम केलं असेल. नाहीतर चाळीस बरोबर आणि अकराच चूक कशी?

शकिला तिथेच उभी होती. भाऊंनी स्पीकर बंद केला, पण उशिरा. तिला मराठी काय येणार, असं तर त्या माणसालाही म्हणता आलं नाही. म्हणून त्याने दुसरं शोधलं. मुद्दाम. आणि मी? मला घाण वाटायला हवी होती. वाटली नाही. मला वाटलं, बरं झालं, आता कोणी माझ्याकडे वळायचं नाही. त्याची घाण जिभेवर तयारच होती. मी फक्त त्या घाणीला जागा करून दिली. आज त्या माणसाला शिव्या घालणं मला फार सोपं आहे, पण त्याला ते बोलायची संधी दिली कोणी?

भाऊ म्हणाले, "शकिला, थोडे दिवस घरी थांब. मी कळवतो." सगळ्यांना माहीत होतं, कळवणार नाहीत. तिलाही. तिने खण रिकामा केला. त्यात तिची एक छोटी वही होती, अवघड जोडाक्षरं कोणत्या खुणांनी काढायची ते तिने वर्षानुवर्षं टिपून ठेवलेलं. ती वही तिने माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्हाला लागेल," म्हणाली. टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

ती वही माझ्या दुकानात आहे. मी वापरते.

नव्या मुली शिकायला आल्या की मी त्यांना फॉन्ट मिसळायचे नाहीत हे शिकवते. त्यासाठी गोष्ट सांगते — "आमच्या प्रेसमध्ये एक जण होती, हुशार, पण एकदा घाई केली..." नाव घेत नाही. नाव न घेण्याचं मोठेपणसुद्धा स्वतःकडे ठेवते. मुली डोळे मोठे करून ऐकतात. भरीतही मी दर हिवाळ्यात खाते. चवीने. घशात अडकत वगैरे काही नाही, तसं पुस्तकात होत असेल.

गेल्या वर्षी शकिला माझ्या दुकानात आली. एसटीला वेळ होता, आणि कोणाच्या तरी रेशनकार्डाच्या झेरॉक्स हव्या होत्या. केस पांढरे झालेले. मी खुर्ची दिली, चहा मागवला. एरंडोलला पिको-फॉलचं काम करते म्हणाली. मी विचारलं — का विचारलं कोण जाणे — "टायपिंग?"

"नाही ताई. नंतर धरलंच नाही. दोन ठिकाणी बोलावलं होतं. पण कीबोर्डवर हात ठेवला की वाटायचं, मी दाबते एक आणि उमटतं दुसरंच." तिची नजर टेबलावरच्या वहीवर गेली. तिने ती उचलली, दोन पानं उलटली, आपलंच अक्षर बघितलं आणि परत जागेवर ठेवली. मग खाली मान घालून बोलली. "ताई, एक सांगायचं होतं. बरीच वर्षं मनात आहे. मी त्या दिवसाचा फार विचार केला. आधी वाटायचं, मी ती नावं टाकलीच नाहीत. पण मी मंगनीच्या घाईत होते ना. टाकली असतील. आठवत नाही. पाटी दिसल्यासारखी वाटली, तीही नव्हती. मन्हीच चूक व्हयनी हुई. आणि मी भाऊंसमोर तुमचं नाव घेतलं. ताईले इचारा, म्हटलं. तुम्ही मला घरी जाऊ दिलं, आणि मी तुम्हालाच मध्ये ओढलं. मनात ठेवू नका."

दुकानात मुली होत्या, पण त्या आपापल्या कामात. चहा यायचा होता. वही आमच्या दोघींच्या मध्ये पडली होती. एक वाक्य पुरलं असतं. तिला तिचा हात परत मिळाला असता, तिची आठवण परत मिळाली असती. ते वाक्य माझ्याशिवाय जगात कोणाकडे नव्हतं.

मी तिच्या हातावर हात ठेवला.

"जाऊ दे गं," मी म्हटलं. "माणसाकडून होतं असं. मी कधीच विसरले."

ती हसली. बरं वाटलं तिला, ते दिसत होतं. चहा पिऊन, झेरॉक्स घेऊन ती एसटीला गेली.

मी तिला माफ केलं होतं.